डोंगरराजा आणि सहाशे माठ

एका डोंगराच्या खांद्यावर कुंभारांची वाडी होती. घरं जेमतेम वीस, पण तिथल्या माठांचं नाव खालच्या सगळ्या गावांत होतं. भट्टीतून निघालेल्या माठावर बोटाचं पेर मारलं की तो खणखणीत वाजायचा. वाडीतली माणसं बाजारात बसली की गिऱ्हाइकाला म्हणायची, "आधी वाजवून बघा, मग भाव विचारा." आपल्या हातांवर त्यांचा तेवढा भरवसा होता.

वाडीतून खाली उतरायला एकच वाट होती. त्या वाटेवर मध्यावर शंभर पावलांचा एक खडकाळ उतार होता. जमिनीतून वर आलेले दगड तिथे इतके दाटीने उभे होते की सगळे त्याला 'बत्तिशी' म्हणायचे. माठ न्यायला गाढवं होती. ती दगडांच्या फटींत नेमका पाय ठेवत सावकाश उतरायची, त्यामुळे बत्तिशीची कोणाला फारशी अडचण वाटली नव्हती.

एका वर्षी दिवाळीनंतर शहरातला व्यापारी वाडीवर आला. त्याने बरेच माठ वाजवून पाहिले आणि म्हणाला, "चैत्राच्या जत्रेला मला सहाशे माठ हवेत. जत्रेच्या सकाळपर्यंत सगळे पोचले पाहिजेत, आणि शाबूत. जमलं तर दर वर्षी तुमच्याकडूनच घेईन. नाही जमलं तर खाली कारखाना आहे, तिथून घेईन. मग मी इतका डोंगर चढून येणार नाही."

वाडीला कळलं की हा एका जत्रेचा प्रश्न नाही. पोरं कामासाठी शहराकडे बघायला लागली होती. ही मागणी गेली तर दोन-चार वर्षांत वाडीतली चाकं थांबली असती.

वाडीत दोन मोठ्या भट्ट्या होत्या. एक थोरल्या भावाची आणि दुसरी त्याच्या धाकट्या बहिणीची, जिचं लग्न वाडीतच झालं होतं. दोघांनी तीनशे-तीनशे माठ वाटून घेतले. गाढवांवरून एवढे माठ वेळेत उतरणार नव्हते, म्हणून दोघांनी एकेक पिकअप गाडी घ्यायचं ठरवलं आणि साठवलेले पैसे घेऊन ते पायथ्याच्या गावी गेले.

गाड्यांच्या दुकानात दोन तऱ्हेच्या गाड्या उभ्या होत्या. एक साधी पांढरी पिकअप. दुसरीचं नाव 'डोंगरराजा'. तिची चाकं कमरेइतकी उंच, टायरांना जाडजूड दाते, चारही चाकांना जोर, पोटाखाली लोखंडी पत्रा आणि पुढे दोर अडकवायला दोन लाल आकडे. दारावर सोनेरी अक्षरांत नाव लिहिलेलं होतं. दोन्ही गाड्यांच्या किमतीत एवढा फरक होता की त्यात दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या.

"ही खडकावरून जाते?" भावाने विचारलं.

"पाहुणे, खडकाने हिला वाट द्यायची असते," दुकानदार म्हणाला.

भाऊ खूश झाला. दुकानामागे दगडधोंड्यांची एक पडीक जागा होती. दुकानदार म्हणाला, "चला, तिथे फिरवून दाखवतो. मावशी, तुम्हीही पुढे बसा."

"मी मागे बसते," बहीण म्हणाली.

"मागे? मागे माल ठेवतात."

"म्हणूनच बसते."

तिने दुकानातल्या मुलीकडून पाण्याने भरलेला एक लहान माठ मागून घेतला, तो मांडीवर धरला आणि मागच्या हौद्यात जाऊन बसली. गाडी दगडांवर चढली, उतरली, पुन्हा चढली. एकदाही अडली नाही.

परत आल्यावर भाऊ गादीवरून उतरत म्हणाला, "पुढे तर काही कळलंच नाही. लोण्यासारखी चालते."

बहीण मागून उतरली. तिचं लुगडं ओलंचिंब झालं होतं आणि माठात चूळ भरण्याइतकंही पाणी उरलं नव्हतं.

"दादा, गाडी पार जाईल," ती म्हणाली. "माठ जाणार नाहीत."

"धाकटे, तू वाकडी बसली असशील. माठ पेंढ्यात बसवायचे असतात."

बहीण दुकानदाराकडे वळली. "शेठ, खरं सांगा. साध्या गाडीत मागे धक्के कमी लागतात का?"

दुकानदार म्हणाला, "मावशी, खडकावर दोन्हींत लागतातच. ही गाडी अडकत नाही, एवढं मी छातीठोक सांगतो. मागचं कोणी कधी विचारलं नाही."

भावाने डोंगरराजा घेतली. बहिणीने साधी घेतली आणि उरलेले पैसे पदराच्या गाठीत बांधून घरी आणले.

डोंगरराजा बत्तिशी चढून वर आली तेव्हा वाडीतल्या बायकांनी तिला ओवाळलं. पोरं टायरांच्या दात्यांत बोटं घालून बघत होती. बहिणीची पांढरी गाडी मात्र बत्तिशीच्या खालीच उभी राहिली.

"गाडी घेतली की पायथ्याला राखण ठेवली?" भावाने विचारलं. सगळे हसले, बहीणही हसली.

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या खोऱ्यात गेली आणि एका पाथरवटाला व त्याच्या बायकोला घेऊन आली. बत्तिशीच्या डोंगराकडच्या बाजूने गाडीच्या दोन चाकांपुरते दोन सपाट पट्टे बांधायचे, असं तिने ठरवलं होतं. सगळा उतार बांधायला पैसे पुरले नसते.

भाऊ बघायला आला. "म्हशींचे पैसे दगडांत घालतेस? आणि एकदा झाला की या रस्त्यावरून सगळे फुकट जाणार."

"जाऊ देत की."

"तुझ्या गाडीचा फायदा काय मग?"

"माझ्या गाडीचा नाही, दादा. माठांचा."

काम सुरू झालं. पाथरवट दगडांची टोकं फोडायचा आणि त्याची बायको फटींत खडी भरायची. वरून द्यायला चुना आणला होता, पण चुन्यात मिसळायला भाजलेल्या मातीचा चुरा हवा होता. वाडीत त्याची काय कमी. प्रत्येक घरामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या खापऱ्यांचे ढीग पडलेले होते. बहीण टोपली घेऊन एकेका दारात जाऊ लागली.

पहिल्या आठवड्यात लोकांनी नुसत्या खापऱ्या दिल्या. दुसऱ्या आठवड्यात बायका दुपारी येऊन त्या कुटून देऊ लागल्या. "माझ्या आजेसासूच्या हातचं मडकं होतं हे," एक जण खापरी उलटीपालटी करत म्हणाली. "फुटलं म्हणून टाकलं, आता त्यावरून गाडी जाणार." आणि तिने ती खापरी सगळ्यांत बारीक कुटली.

रात्रंदिवस चाकावर बसणारा बहिणीचा नवरा मात्र काळजीत पडला. "रस्ता होईल गं, पण तीनशे माठ?"

"दुपारपर्यंत रस्ता, दुपारनंतर माठ," ती म्हणाली. हाताला पडलेले फोड दिसू नयेत म्हणून तिने हात पाठीमागे धरले होते.

जत्रेला दहा दिवस उरले. पट्ट्यांची शेवटची दहा पावलं बाकी होती. भाऊ म्हणाला, "मला काही तुमच्या चुन्यासाठी थांबायला वेळ नाही." त्याने तीनशे माठ पेंढ्यात नीट बसवले, डोंगरराजात भरले आणि बत्तिशीच्या दरीकडच्या बाजूने गाडी घातली. सारी वाडी बघत होती. गाडी डुलली, तिरकी झाली, पण कुठेही अडली नाही. खाली उतरून त्याने भोंगा वाजवला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शहरात व्यापाऱ्याने हौद्याचं फळकूट उघडलं. पेंढा बाजूला केला. मग एकेक माठ काढून वाजवू लागला. काही खणखणीत वाजले. बाकीचे वाजायला उरलेच नव्हते. शाबूत निघाले एकशे बारा.

व्यापारी गाडीकडे बघत म्हणाला, "गाडीला साधा ओरखडाही नाही."

भाऊ फुटके माठ पुन्हा हौद्यात भरू लागला.

"जत्रेच्या सकाळपर्यंत थांबतो," व्यापारी म्हणाला. "त्यानंतर मात्र नाही."

भाऊ वाडीवर परतला. त्याच्या भट्टीत दुसऱ्या खेपेचे जास्तीचे एकशे नव्वद माठ निवत होते. मोठी भट्टी लावायची त्याची सवयच होती. माल होता, पण तो न्यायचा कसा? गाढवांना तेवढा वेळ पुरणार नव्हता. बत्तिशीवरून पुन्हा नेला तर पुन्हा तेच झालं असतं. आणि बहिणीकडे जायचं तर कोणत्या तोंडाने? तिला हसताना आपलाच आवाज सगळ्यांत मोठा होता, हे त्याला आठवत होतं. तो अंगणात गाडीला टेकून बसून राहिला. हौद्यात खापऱ्यांचा ढीग तसाच पडला होता.

बहीण आली. तिच्या कमरेवर टोपली होती. तिने हौद्यात पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, शेवटच्या दहा पावलांना चुरा कमी पडतोय. या खापऱ्या नेऊ का?"

एवढंच बोलली. किती फुटले, कसे फुटले, काहीही विचारलं नाही.

भाऊ उठला. "तू कशाला नेतेस? मी आणतो," तो म्हणाला. दोन दिवस तो बत्तिशीवर बसून स्वतःच्या माठांच्या खापऱ्या कुटत होता. पहिल्या दिवशी तो कोणाकडे बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी पाथरवटाच्या बायकोने त्याला सांगितलं, "भाऊ, अजून बारीक. हे जोंधळ्यासारखं झालंय, आम्हाला पीठ पाहिजे." तेव्हा तो हसला आणि आणखी जोराने कुटू लागला.

पट्टे पुरे झाले. चुना घट्ट व्हावा म्हणून त्यावर ओली गोणपाटं टाकली आणि सात दिवस सगळी वाडी आळीपाळीने पाणी शिंपडत राहिली.

जत्रेच्या आदल्या दिवशी बहीण तीनशे माठ घेऊन पहिल्यांदा उतरली. नव्या पट्ट्यांवरूनच वर आणलेली पांढरी गाडी तिने सावकाश परत पट्ट्यांवर घातली. आतून एकाही माठाचा आवाज आला नाही. मागून डोंगरराजा आली. पट्ट्यांच्या तोंडाशी भाऊ थांबला आणि खाली उतरला.

"माझी चाकं रुंद आहेत," तो पाथरवटाला म्हणाला. "कडा फुटतील. हिच्या गाडीच्या मापाचे बांधले असतील ना?"

"नाही," पाथरवट म्हणाला. "तिच्या गाडीला याच्या निम्मे पुरले असते. मी सांगितलंही, पैसे वाचतील. तर ती म्हणाली, दादाच्या गाडीचं माप घ्या."

भावाने पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या, पट्ट्यांवरून खालपर्यंत चालत जाऊन वाट पाहिली, परत वर आला आणि मग गाडी घातली.

जत्रेच्या सकाळी व्यापाऱ्याने सगळे माठ वाजवले. वाटेत दोन फुटले होते. ते कोणाच्या गाडीतले, यावर भावा-बहिणीचं भांडण झालं, पण ते दोन सोडूनही, आधीचे एकशे बारा धरून, सहाशे भरले. व्यापारी म्हणाला, "पुढच्या चैत्रात आठशे." वाडीतल्या ज्या पोरांनी शहरात जायची बोलणी चालवली होती, त्यांनीच ते आठशे बोटांवर मोजायला सुरुवात केली.

जत्रेत डोंगरराजाभोवती गर्दी झाली. गर्दीतून एक वनरक्षक पुढे आला. तो रानातल्या पाणवठ्यांवर फिरायचा.

"काका, मीही हीच बघतोय," तो म्हणाला. "एवढे जास्तीचे पैसे द्यावेत का? खरं सांगा."

भावाने दारावरच्या सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला. "तू बरोबर काय नेतोस?"

"काठी आणि पाण्याची बाटली."

"आणि तुझ्या वाटेवर?"

"वाट नाहीच. दगड आणि ओढे."

"मग घे. तुझे पैसे वसूल होतील. ही गाडी कुठेही पोचते, मी बघितलंय." मग तो म्हणाला, "माझंच चुकलं. मला माठ पोचवायचे होते आणि मी गाडी पोचवत बसलो."

"मग तुमचे माठ पोचले कसे?"

भाऊ ताठ उभा राहिला. गाडी घेतली त्या दिवशीही तो एवढा ताठ उभा राहिला नव्हता. पलीकडे त्याची बहीण एका गिऱ्हाइकाला माठ वाजवून दाखवत होती. तिच्याकडे हात करून तो सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ती माझी धाकटी बहीण. आमच्या वाडीचा रस्ता तिने बांधलाय."

तात्पर्य: महाग वस्तू घ्यावी की नाही, हे तिच्या ऐटीला न विचारता आपल्या कामाला विचारावं. आणि अभिमान मिरवायचाच असेल, तर सगळ्यांच्या उपयोगी पडेल अशा गोष्टीचा मिरवावा.