कुरकुऱ्या स्क्रू

ज्या काळी बूट बोलायचे आणि माणसं ऐकून घ्यायची, त्या काळची ही गोष्ट. सायकलवरून मुलूख हिंडणाऱ्या हेमांगीबाईंचा डावा बूट भलता रुबाबदार होता. आता वरून माल चकचकीत असला की तळ कोण बघतो? त्या तळाला पेडलमध्ये अडकणारी आणि टाच फिरवली की सुटणारी पट्टी, म्हणजे क्लीट, तीन स्क्रूंनी बसवलेली होती. धक्के खाऊन त्यातला एक स्क्रू सैल झाला आणि कुरकुरू लागला.

"चारचौघांत लाज काढतोस," बूट वैतागला. "गप बस की."

"बसतो दादा. पण उद्या तू वळशील, पट्टी पेडलमध्येच राहील आणि बाईंचा पाय सुटायचा नाही."

"कुरकुऱ्या तो कुरकुऱ्याच."

हेमांगीबाई मात्र घाटमाथ्यावर थांबल्या. "कुरकुरतंय म्हणजे काहीतरी सांगतंय," म्हणत त्यांनी बूट उलटा केला, चिखल खरवडला आणि पान्याने स्क्रू आवळला.

उतारावर, ऐन वळणात, म्हैस आडवी आली. बाईंनी ब्रेक दाबून टाच फिरवली. पाय खटकन सुटून जमिनीला टेकला. दरी हातभर लांब होती.

मग बूट म्हणाला, "बाई वाचल्या रे तुझ्यामुळे. तीन वर्षं माझ्याखाली राहतोस, तुझं नावही कधी विचारलं नाही मी."

"नाव कसलं, दादा," स्क्रू म्हणाला. "मी घट्ट असलो की कुणाला माझी आठवण येत नाही. तेच बरं."