उंबऱ्यावर राखलेला विसार

ऐक गं उंबऱ्याच्या आई, तुझी कहाणी. आटपाट नगर, तिथं भिवरा नावाची सुपं विणणारी बाई राही. नवरा होता, तीन लेकरं होती, घर तेवढं नव्हतं. दर दिवाळीला घरमालक म्हणे, "ऊठ." मग बिऱ्हाड डोक्यावर. एकदा तिनं विकाऊ घर पाहिलं, हरखून गेली, विसाराचे रुपये मालकाच्या हातावर ठेवून आली. ना साक्षी, ना लिखत. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "कसला विसार? कोण तू?" घरही गेलं, रुपयेही गेले.

भिवरा रडत निघाली. वाटेत एक म्हातारी उंबरा पूजत होती. "आजी, आजी, कसला वसा वसतेस?" "तुला गं कशाला? उतशील, मातशील, अर्ध्यात टाकशील." "उतणार नाही, मातणार नाही, टाकणार तर नाहीच." मग म्हातारीनं वसा सांगितला. "विसार उंबऱ्यावर द्यावा. दोन साक्षी ठेवावे. मुदत लिहून घ्यावी. घेणारा फिरला तर विसार बुडाला, विकणारा फिरला तर दुप्पट परत."

भिवरेनं दोन वर्षं सुपं विणली. मग सोनाक्काचं दोन खणांचं घर ठरवलं, वशाप्रमाणं विसार दिला. चैत्री पुनवेचा सूर्यास्त ही मुदत. मग काय झालं? एका व्यापाऱ्यानं जास्त पैसे कबूल केले. सोनाक्काच्या मनात पाप आलं. पुनवेला दाराला कुलूप घालून ती मळ्यात जाऊन बसली.

सकाळीच भिवरा उरलेले रुपये नि दोन्ही साक्षी घेऊन आली. दाराला कुलूप होतं. मग तिनं पदर खोचला, उंबऱ्यावर बसली. पहिल्या प्रहरी नवरा आला, "ऊठ, घरी चल." उठली नाही. दुसऱ्या प्रहरी नणंद आली, "ऊठ, दोन घास खा." उठली नाही. तिसऱ्या प्रहरी व्यापारी आला, "ऊठ, तुझा विसार मी भरून देतो." "मला घर हवंय. उठायची नाही!"

दिवस मावळला. सोनाक्का आली, म्हणाली, "मुदत टळली. तुझा विसार बुडाला."

साक्षी म्हणाले, "ही सकाळपासून हजर आहे, तूच नव्हतीस. घर दे, नाहीतर दुप्पट विसार दे."

सोनाक्कानं तिथंच थांबलेल्या व्यापाऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "बाई, तुझ्या शब्दावर आता मी तरी विसार कसा ठेवू?" आणि चालता झाला. मग सोनाक्कानं खाली मान घालून उरलेले रुपये घेतले, खरेदीखत करून दिलं, किल्ली भिवरेच्या हातावर ठेवली.

भिवरेनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, उजवा पाय आत टाकला. पुढं दिवाळी आली. कोणी "ऊठ" म्हणालं नाही.

उंबऱ्याची आई भिवरेला पावली, तशी तुम्हां आम्हां ऐकणाऱ्यांना पावो. साठ उत्तरांची होती, पांच उत्तरांत सांगितली, कहाणी सुफळ झाली, संपूर्ण झाली.