ठकूआत्या आणि दीड माणसाचं ओझं

या, बसा जवळ, आणि ते मोबाईल ठेवा जरा बाजूला. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती फार, ते विचारू नका. आमच्या घाटात तेव्हा डांबर होतं, पण ते खड्ड्यांच्या मधेमधे, एवढं सांगतो.

त्या काळी आंबेदऱ्यात ठकूआत्या नावाची सुईण होती. बाईच्या पोटावर हात ठेवला की मूल कुठं डोकं करून निजलंय ते ती सांगायची. असं म्हणतात, की पोटातलं मूल तिला आतून हुंकार द्यायचं. खोऱ्याच्या अठरा वाड्यांतली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातात, आणि पुढं मिशा फुटल्यावरसुद्धा तिच्यासमोर आवाज चढवायची त्यांची छाती नव्हती.

पण मूल आडवं पडलं, तर आत्याचा इलाज चालत नसे. ती ते लपवायचीही नाही. सरळ म्हणायची, "हे माझ्या हातचं न्हाय. दवाखान्यात न्या." आणि दवाखाना तालुक्याला, घाटाखाली, सात वळणं उतरून. आदल्या साली कलावती नावाच्या पोरीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेत होते. असे काही धक्के बसले, की तिसऱ्या वळणाला रक्त सुटलं आणि पाचव्या वळणाला ती आत्याच्या मांडीवर गेली.  नवव्या दिवशी आत्या चावडीत जाऊन उभी राहिली. "गावाची गाडी पायजे," म्हणाली, "आन् ती मी पारखून घेणार."

गावानं वर्गणी काढली. ही बातमी घाट उतरून शहरात गेली, आणि मग काय विचारता! आंबेदरं जी गाडी घेईल तीच अठरा वाड्या घेणार, हे कंपनीवाल्यांना पक्कं ठाऊक. तीन कंपन्यांचे तीन पिकअप देवळापुढं येऊन उभे राहिले. एक रणगज, दुसरी वज्रदेह, तिसरी मेघराज. कर्णे काय, टोप्या काय, पेढे काय! जत्रेला नव्हती एवढी गर्दी.

रणगजवाला म्हणाला, आमची गाडी एक टन उचलते. वज्रदेहवाल्यानं दुसऱ्या दिवशी चाकावरचे लोखंडी पाटे वाढवून आणले आणि म्हणाला, आमची सव्वा टन. मेघराजचा बागवान नावाचा विक्रेता होता, कऱ्हाडकडचा, बोलायला गोड. त्यानंही पाटे वाढवले आणि दीड टनाची हाळी दिली. आठवडाभर हेच चाललं. एकानं हौद्यात गावचा बैल चढवून दाखवला, तर दुसऱ्यानं दोन बैल आणि वर बैलांचा मालक. असं म्हणतात, की शेवटी दोन गाड्यांना साखळदंड बांधून ओढाओढ लावली, तेव्हा गाड्या जागच्या हलल्या नाहीत, साखळीच हातभर लांब झाली. गडीमाणसं खूश. सरपंचाच्या डोळ्यांपुढं बाजारात न्यायच्या आल्याची पोती नाचायला लागली.

आत्या मात्र घरात बसून होती, आणि तिच्या जिवाला घोर लागला होता. तिच्या भावाची पोर, मैना, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या दिवशी आत्यानं तिच्या पोटावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही बराच वेळ. मूल आडवं होतं. दिवस भरत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या देवळापुढं आली. काखेत वाकळ, हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. रणगजवाला पुढं धावला. "आत्याबाई, एक टन..."

"आरं, टनटन काय लावलंय? देवळातली घंटा हाय का?" आत्या म्हणाली. "माझं ओझं दीड माणसाचं. एक बाई आन् तिच्या पोटातलं अर्धं. ते न हिसकता खाली जाईल का, तेवढं बोल."

तिनं हौद्यात वाकळ अंथरली, वर उताणी झोपली आणि भरला तांब्या स्वतःच्या पोटावर ठेवला. "चालीव," म्हणाली.

रणगज तिसऱ्या वळणापर्यंत गेली आणि आत्या ओलीचिंब होऊन परत आली. वज्रदेहचं तर पहिलं वळणसुद्धा आलं नाही, तांब्याच उडून रस्त्यावर पडला. मेघराज पाचव्या वळणापर्यंत टिकली, पण तिथं तांब्या कलंडला आणि आत्यानं आतून हौद्यावर बुक्की मारली. पाचवं वळण म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

परत आल्यावर आत्या बागवानाला म्हणाली, "आता तू झोप."

बाकीचे दोघे हसले. पण बागवान निजला वाकळेवर, आणि सरपंचाच्या ड्रायव्हरनं त्याला दोन वळणं फिरवून आणलं. उतरला तो कंबर धरूनच. सगळ्या गावासमोर म्हणाला, "आत्या, खोटं कशाला बोलू? ह्या गाडीत मी माझ्या आईला घालणार नाही."

बघा, विकायला आलेला माणूस हे बोलला! रणगजवाल्यानं तर टाळीच वाजवली.

बागवानाच्या ध्यानात चूक आली होती. एकमेकांवर कडी करायच्या नादात तिघांनी पाट्यावर पाटा चढवला होता. ताठ झालेली गाडी पोत्यांखाली गुमान चालते, पण हलकं ओझं असलं की उधळते. त्यानं गाडी थेट लोहाराच्या दारात नेली, वाढवलेले पाटे काढून जमिनीवर टाकले, चाकांतली थोडी हवा सोडली.

सरपंच तिथं धावत गेला. "आवो, मग आमचं आलं कशात न्यायचं?"

"आलं एक दिस थांबलं तर सुकंल," आत्या म्हणाली. "आडवं प्वार थांबत न्हाय."

"सोमवारी बैठकीत ठरवू," सरपंच म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं, वर्गणी सगळ्यांची होती. पण सोमवार यायचाच होता, आणि दुपार कलायच्या आत मैनाला कळा सुरू झाल्या.

तिन्ही गाड्या एकदम सुरू झाल्या. जो हिला खाली नेईल त्याची गाडी खपणार, हे न कळायला कुणी दूधखुळा नव्हता. "आमच्यात घाला, आमच्यात!" म्हणत रणगजवाला आणि वज्रदेहवाला हमरीतुमरीवर आले. आत्या उंबऱ्यातूनच गरजली, "गप बसा दोघं! मैना मेघराजमदी जाईल. रणगज म्होरं जाईल, हारन देत. समोरची एकूण एक गाडी बाजूला घ्यायची. वज्रदेह मागनं, वाट आडवून. कुणाला पुढं घुसू द्यायचं न्हाय. आन् मधीच कुणी कंपनीचं नाव घेतलं तर त्याला दरीत ढकलीन."

असं म्हणतात, की त्या दिवशी सात वळणं सात वळणांसारखी नव्हती. पुढं रणगज वाट मोकळी करत होती, मागं वज्रदेह वाट अडवून होती, आणि मधे बागवान बैलगाडीच्या चालीनं एकेक खड्डा चुकवत होता. हौद्यात आत्या मैनाच्या पोटावर हात ठेवून आतल्या जिवाशी बोलत होती. "थांब रं राजा, घाई करू नगंस." पाचव्या वळणाला तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा सहावं मागं पडलं होतं. असं म्हणतात, की उशाशी तांब्या होता आणि त्यातला थेंब सांडला नाही. मी काही पाहायला नव्हतो. पण मैना वाचली, मूल वाचलं, हे खरं. मुलगी झाली. ती दवाखान्यात रडली, तेव्हा बाहेर तिन्ही विक्रेते एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते.

गावानं मेघराज घेतली, हे वेगळं सांगायला नको. पण आत्याला कुणी विचारलं, "सगळ्यात चांगली गाडी कुठली?", तर ती म्हणायची, "त्या दिशी तीन व्हत्या. एकीनं काय झालं असतं?"

आत्या गेली, तिलाही आता जमाना झाला. घाटाच्या पायथ्याला आज पाच कंपन्यांची दुकानं आहेत, आणि एकमेकांच्या फलकांवर फलक लावायची त्यांची चढाओढ तशीच आहे. पण आमच्या खोऱ्यात कुणालाही पिकअप घ्यायचा असला, की आधी घेणाऱ्यानं हौद्यात उताणं झोपायचं आणि विकणाऱ्यानं त्याला सातही वळणं उतरवून दाखवायची. त्याला "आत्याची झोप" म्हणतात. भलेभले कंबर धरून उठतात आणि सौदा मोडून जातात.

आणि कुठल्या वाडीत बाई अडली, तर तिच्या गाडीचा लांब हॉर्न ऐकून घाटातले दोन पिकअप जिथं असतील तिथं थांबतात. कुणाच्या गाडीत आलं असतं, कुणाच्या दूध. ते राहू देतात तसंच. एक पुढं लागतो, एक मागं. कुठल्या कंपनीचा कुठला, ते कुणी बघत नाही. आत्या गेल्यापासून आमच्या घाटात एकही बाळंतीण एकटी उतरलेली नाही.