लाटक्यावरची साय

रेवदंड्याच्या सिनेगॉगचे अध्यक्ष एलियेझर वाकरूळकर परदेशी जाऊन आले आणि त्यांना घरचं खाणं अडाणी वाटू लागलं. हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या पंगतीला लाटके, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले घावन, होत. सोबत पंगतीचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या सिमहाबाईंची ओल्या नारळाची चटणी.

"लाटक्यावर आंबट सायच हवी!" साहेबांनी सगळ्यांदेखत फर्मावलं. "मी तुमच्या चटणीला बोट जरी लावलं, तर पंगतीची चूल जन्मभर तुमची. नाहीतर पुढच्या वर्षी मुंबईचा आचारी आणतो."

"बरं," म्हणत सिमहाबाईंनी आधी मटणाचे कटलेट वाढले. साहेबांनी बोटं चाटत पाच संपवले. मग गरमागरम लाटके आले, तसा त्यांनी पिशवीतून सायीचा डबा काढला.

"थांबा साहेब!" सिमहाबाई म्हणाल्या. "आपल्या धर्मात मटण खाल्ल्यावर सहा तास दुधाचं काही चालत नाही. गेल्या शनिवारी, शब्बाथलाच तुम्ही आम्हाला तासभर सुनावलंत."

साहेबांचा हात डब्यावरच राहिला. कोरडा लाटका घशाखाली उतरेना. बटाट्याचा भाजलेला कूगल घेतला, तोही कोरडाच. शेवटी त्यांनी हळूच चटणीची वाटी ओढली आणि नऊ लाटके फस्त केले.

पंगत हसली, तसे साहेब भडकले. "ही चटणीसुद्धा दुधासारखी पांढरीच आहे की! ही बरी चालते?"

"चालते तर," सिमहाबाई दहावा लाटका वाढत म्हणाल्या. "माडाला कास फुटलेली दिसली की मला सांगा, साहेब. तोवर चूल माझी."