मधोमध उमटलेला ठसा

तांबटांच्या पेठेत एकदा एक वृद्ध पारखी राहत होता. सुलतानांच्या काळातले झिजलेले तांब्याचे नाणे तो नुसते बोट फिरवून ओळखत असे. त्याचा शिष्य आठ वर्षे एकाच शोधात बुडालेला होता. एका विस्मृत टांकसाळीच्या गावाचे नाव त्याला वाचायचे होते. ते नाण्याच्या काठावर असे, पण आजवर हाती आलेल्या प्रत्येक नाण्यावर शेवटचे 'पूर' तेवढे उमटले होते. आधीची अक्षरे कुठेच नव्हती. जिथे सुलतानाची नाणी पाडली जात, ते गाव कुठे होते हे आता कुणालाच ठाऊक नव्हते.

एके सकाळी एक व्यापारी आला. मखमली डबीतून त्याने नाणे काढले. सुलतानाचे नाव ठसठशीत, अगदी मधोमध.

"गुरुजी, नदीकाठी पाया खणताना हंडा निघाला. त्यातलं हे रत्न. दाखल्यावर 'उत्तम' लिहा, म्हणजे झालं."

शिष्याने घाईने नाणे भिंगाखाली धरले. काठावर तेच, 'पूर'.

"हंड्यात किती होती?" वृद्धाने विचारले.

"दोनशेच्या आसपास. मी दहा निवडली."

"बाकीची?"

"वाकडा ठसा बसलेली होती हो! सुलतानाचं नाव अर्धं कापलेलं, एका बाजूला काठाची अक्षरंच अक्षरं. कोण घेणार? दिली समोरच्या तांबटाला वितळवायला. महिना झाला."

शिष्याने भिंग खाली ठेवले. वृद्धाने कागद ओढला आणि शांतपणे लिहिले, 'नाणे निकृष्ट.'

व्यापारी उसळला. "निकृष्ट? डोळे गेले का गुरुजी? गावाचं नाव अडलंय म्हणून राग ना? 'पूर' आहे की! आधी लावा काहीही, कोण तपासायला येतंय? आणि मधोमध ठसा म्हणजे उत्तम, हे मला शिकवलं कुणी? वीस वर्षांचे तुमचे दाखले आहेत माझ्याकडे!"

कागद तिथेच टाकून तो निघून गेला.

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "नाणे तर निर्दोष होते. निकृष्ट का लिहिलेत?"

"अरे, ठसा मोठा असतो आणि तांब्याची चकती लहान. ठसा मधोमध बसला की सुलतान पूर्ण येतो आणि गाव चकतीबाहेर राहते. 'पूर' थोडे आत कोरलेले, म्हणून तेवढे वाचले. ठोकणाऱ्याचा हात सरकला, नाणे फसले, की सुलतान कापला जातो आणि गाव आत येते. तू शोधत होतास ते नाव त्या फसलेल्या नाण्यांवर होते. हे मला आधीपासून कळत होते. तरी मी मधोमध ठशालाच उत्तम लिहीत राहिलो, कारण घेणाऱ्याला तेच आवडे. त्या माणसाने माझीच शिकवण पाळली."

"मग आज निकृष्ट लिहून काय साधले?"

"काही नाही. वीस वर्षांपूर्वी लिहायला हवे होते."

"दुसरा हंडा निघेल, गुरुजी."

"निघेल. त्यातलीही अशीच निवडतील."

शिष्य उठून समोर तांबटाच्या दुकानात गेला. नवी तपेली एकावर एक रचून ठेवली होती. त्याने एक उचलले, उन्हात धरून आतून-बाहेरून फिरवून पाहिले. सगळे गुळगुळीत होते.

"घेऊन टाका, दादा," तांबट म्हणाला. "जुनं तांबं आहे. आता असलं मिळत नाही."

शिष्याने तपेले जागच्या जागी ठेवले. त्याला गुरूचे म्हणणे समजले होते. समजून उपयोग नव्हता.

सुलतानांची नावे आपल्याला आजही तोंडपाठ आहेत. गावे कुठे गेली, हे विचारायला आपण काही शिल्लक ठेवलेले नाही.