धुळाक्काचं घोंगडं

ज्यांना कधी पावसात उभं राहावं लागलं नाही, त्यांनीच मेंढीचा रंग ठरवला. त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. धुळाक्काचं नाव मात्र करडमाळात पोरासोरांनाही ठाऊक आहे.

गोष्ट फार वर्षांपूर्वीची, संस्थानी अमलातली. करडमाळच्या धनगरांची मेंढरं तेव्हा काळी होती. काळी लोकर राठ, तिला रंग द्यावा लागत नाही. सुताला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडं विणलं की पाणी वरच्या वर निथळतं. पण दरबाराला गालिचे हवे होते, आणि लाल-हिरवा रंग चढतो तो पांढऱ्या लोकरीवर. हुकूम आला : कळपात पांढरे मेंढे सोडा, काळे कापा. ज्याचा कळप पांढरा, त्यालाच कुरण.

गावानं एका जत्रेत सगळे काळे मेंढे कापले. धुळाक्का नावाच्या विधवेनं आपला मेंढा दिला नाही. तिला कुरण बंद झालं. तेरा मेंढ्या आणि तो मेंढा घेऊन ती उघड्या खडकाळ माळावर राहिली. तिचा चुलत दीर राणोजी जाता-येता टोमणा मारायचा, "वहिनी, ही काजळाची मेंढरं दाखवणार कुणाला?"

"दाखवायला नाहीत, भावजी. पांघरायला आहेत."

चौथ्या वर्षी, मार्गशीर्षात, तीन दिवस गारांचा पाऊस झाला. कोकरं नुकती जन्मलेली. घराघरातल्या पांढऱ्या लोकरीच्या मऊ चादरी पाणी पिऊन जड झाल्या आणि कोकरं काकडून मरू लागली. पहिला राणोजीच माळावर धावला, कोकरू पोटाशी धरून. धुळाक्कानं आपल्या काळ्या घोंगड्याचा कोपरा उचलला. मग सगळं गाव आलं.

असं म्हणतात, की जितकी कोकरं आत गेली, तितकं घोंगडं वाढत गेलं. सातशे कोकरं मावली, सगळी पांढरी. तान्ही पोरंही मावली. कोपरा कुणीतरी धरायला हवा होता, म्हणून ती एकटी बाहेर राहिली.

असं म्हणतात, की ऊन पडलं तेव्हा घोंगड्याखाली कोरडी धूळ उडत होती. धुळाक्का कुठंच नव्हती. तिच्या जागी काळा मेंढा उभा होता आणि कोपरा त्याच्या शिंगात होता.

करडमाळात आजही प्रत्येक कळपात एक तरी काळा मेंढा असतो. काळ्या कोकराची पहिली लोकर कातरली की मूठभर धुळाक्काच्या देवळात जाते. तिच्या सुतानं दरवर्षी तिथल्या गावाच्या घोंगड्याला वीतभर वीण वाढते. ते कधी पुरं करत नाहीत. गावात जन्मलेलं मूल, कुणाचंही असो, आधी त्यावर निजवतात.

मागच्या वर्षी एक साहेब आले. पांढरे मेंढे पाळा, वजन भरतं, बाजार मिळतो, असं त्यांनी चावडीवर समजावलं. खोटं काही नव्हतं त्यात. दाराशी सूत कातत बसलेली म्हातारी ठकूबाई ऐकत होती. तिनं चाती थांबवली नाही.

"आणा की, साहेब. फक्त गारा आल्या तर कुणाच्या खाली शिरायचं, तेवढं सांगून जावा."