मामाचा मुकुट

अलास्काच्या थंडगार किनाऱ्यावर, त्लिंगिट लोकांच्या मुलखात, एका दाट रानात डोमकावळा राहत होता. हुशार म्हणाल तर भारी हुशार, पण स्वतःवर फार खूश! त्याचा मामा वारला. तिथली रीत अशी, की मामाच्या स्मरणाच्या मेजवानीत भाच्याने मामाचं तोंड कोरलेला लाकडी मुकुट घालून नाचायचं, मगच मामाचं नाव त्याला मिळतं. नाच झाला नाही, तर ते नाव कायमचं बुडालं. आणि बरं का मुलांनो, कावळ्यांचा मुकुट कावळ्यांनी करायचा नाही. तो पैलतीरावरच्या गरुडांनी करायचा!

"माझ्या मामाचं तोंड गरुडांना काय कळतंय? मीच कोरतो," कावळा फणकारला. महिनाभर खपला. शिंपल्यांचे डोळे बसवले, चोच घासून घासून चकाकवली. काम मात्र देखणं उतरलं हो! मग त्याने वरच्या कडेला समुद्रसिंहाच्या मिशा उभ्या लावल्या. त्या कुंपणात गरुडाची मऊ पांढरी पिसं भरायची आणि नाचताना ती पाहुण्यांवर उधळायची, म्हणजे सगळ्यांत सलोखा राहतो. कावळ्याने आपलीच काळी पिसं भरून मान हलवली. ती पिसं उडालीच नाहीत, पायाशीच पडली. मेजवानी तर दोन दिवसांवर आलेली! शेवटी नाक मुठीत धरून तो पैलतीरी गेला.

"आजी, थोडी पिसं द्या," तो म्हाताऱ्या गरुडिणीला म्हणाला.

"देते की. पण हा मुकुट कुणाचा रे?"

"मामाचा."

"मामाचा कसला? हा तर तूच आहेस!"

कावळा चपापला. पाण्यात वाकून बघत बघत त्याने आपलंच तोंड कोरलं होतं.

गरुडिणीने घरट्यातून दुसरा मुकुट काढला. मामा गेला त्या दिवसापासून, रीतीप्रमाणे, ती तो कोरत होती. चोच डावीकडे जराशी झिजलेली, डोळ्यांत मिस्कील हसू. "मामा!" एवढंच कावळ्याच्या तोंडून निघालं आणि त्याला रडू कोसळलं.

"तू जन्मभर त्यांच्या मागे उडत राहिलास, बाळा," गरुडीण म्हणाली. "मी त्यांना समोरून पाहिलंय."

मेजवानीत कावळा तोच मुकुट घालून मनसोक्त नाचला. पांढरी पिसं कावळ्यांवर उडाली, गरुडांवरही उडाली. नाच थांबला, तेव्हा मामाच्या नावाने त्याला पहिली हाक गरुडिणीने मारली.

तात्पर्य : आपल्या माणसाचं मोठेपण समोरच्याच्या डोळ्यांनीही पाहावं, एकट्याने घडवलेल्या मुकुटात बहुधा आपलंच तोंड उतरतं.